हातावरची गोळी

दोन वर्षांत उज्वला घरात एकदाही मोठ्यानं हसली नव्हती, आणि आज ती दवाखान्यात हसत होती. तेही दुसऱ्याच्या पलंगाशी उभी राहून. गोरक्षनं डोळे मिटून घेतले, पण कान काही मिटता येत नाहीत.

"आमच्याकडं इगतपुरीला आषाढात असं धुकं पडतं वहिनी, की आपला हात आपल्याला दिसत नाय," वाल्मीक सांगत होता. "माझा चुलता सकाळी म्हैस घेऊन घरी आला. दूध काढलं, चहा झाला, समदं झालं. दुपारी धुकं उठलं तर म्हैस शेजाऱ्याची! आन् शेजारी तिकडं आमच्या म्हशीचं दूध पिऊन घोरतोय."

"अगं बाई! म्हशीलासुद्धा कळलं नाही?"

"म्हशीला काय, ज्यानं पेंड घातली त्याची ती."

उज्वलानं पदर तोंडाला लावला, तरी हसू बाहेर आलंच. गोरक्षच्या हातात दोन सुया होत्या, बाजूचं यंत्र त्याचं रक्त काढून घेत होतं, धुऊन परत देत होतं, त्यामुळे उठून बसणं शक्य नव्हतं. म्हशीच्या गोष्टीत म्हशीपलीकडे काहीतरी आहे, असं त्याला राहून राहून वाटत होतं. ज्यानं पेंड घातली त्याची ती. हे बोलायची काय गरज होती? आणि बायकोनं त्यावर हसायची?

गोरक्ष एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर आयुष्य घालवलेला माणूस. उंचापुरा, भारदस्त. पट्ट्याच्या खडखडाटातही त्याची हाक दुसऱ्या टोकाला पोचायची. उज्वला देखणी होती, आणि कॉलनीत तिच्याबरोबर चालताना लोक वळून बघतात याचा त्याला अभिमान वाटायचा. तेवढाच रागही यायचा. लग्नानंतर एकदा ती शेजारच्या वायरमनकडून स्कूटर चालवायला शिकत होती. चौथ्या दिवशी यानं घरातली स्कूटरच विकून टाकली. "तुला कुठं जायचं असेल तर मी आहे ना," म्हणाला. तिनं तेव्हा वाद घातला नाही. पुढंही कधी स्कूटरचं नाव काढलं नाही.

मग साखरेनं त्याच्या किडन्या खाल्ल्या. नोकरी मुदतीआधी सोडावी लागली. आठवड्यातून तीनदा सकाळी रिक्षानं नाशिकरोडच्या दवाखान्यात यायचं, चार तास यंत्राला बांधून पडायचं, पिळून काढल्यासारखं होऊन घरी जायचं, असं सुरू झालं. पाणी मोजून प्यायचं. भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं आणि उरलेला चोथा खायचा. त्याचा आवाज खाली गेला आणि स्वभाव वर आला. घरात तो बोलायचा ते फक्त तक्रारीपुरतं. उज्वला सगळं करत होती, पण तिचा चेहरा कामावरच्या माणसासारखा झाला होता.

त्यात रक्ताच्या एका तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. तो कुठून आला, कधी आला, कुणालाच सांगता येईना. गोरक्षला मोठ्या हॉलमधून हलवून टोकाच्या छोट्या खोलीत नेलं. तिथं दोनच पलंग आणि दोनच यंत्रं होती, दोन्हींवर लाल पट्टी चिकटवलेली. इतरांना लागण होऊ नये म्हणून ही यंत्रं वेगळी. दुसऱ्या पलंगावर वाल्मीक होता. त्यालाही हेच निघालं होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावून सांगितलं, "काका, घाबरू नका. पूर्वी याला वर्षभर इंजेक्शनं असायची, माणूस अर्धा व्हायचा. आता रोज एक गोळी, तीन महिने. सिव्हिलमधून फुकट मिळते. अट एकच, एकही दिवस चुकवायची नाही. मध्ये खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि मग जास्त चिवट होतो." मग ते उज्वलाकडे वळले. "आणि काकू, हा गेल्याशिवाय तुमच्या किडनीचं मला पुढं नेता येणार नाही."

कारण उज्वलानं स्वतःची एक किडनी नवऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. रक्तगट जुळत होता, पहिल्या तपासण्या झाल्या होत्या. मुलगी रोशनी पुण्याहून फोनवर रडली होती, पण उज्वला ठाम होती. यावर गोरक्ष तिला काय म्हणाला? काहीच नाही. इतक्या मोठ्या गोष्टीला काय म्हणायचं असतं ते त्याला सुचलंच नव्हतं.

गोळीची जबाबदारी उज्वलानं घेतली. बाटली तिच्या पर्समध्ये. रोज सकाळी नऊला, नाश्ता झाला की ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि घोटभर पाणी द्यायची. दवाखान्याच्या दिवशी हे सगळं छोट्या खोलीतच व्हायचं.

वाल्मीकबरोबर कुणी यायचं नाही. तो रेल्वेत रुळांवर काम करणारा माणूस, पन्नाशीच्या आतला, काटक. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. भाताचं थोडं शेत भाऊ कसायचा. इगतपुरीहून सकाळच्या गाडीनं एकटाच यायचा, हाताला पट्टी बांधून एकटाच जायचा. पहिल्याच आठवड्यात उज्वलानं विचारलं, "भाऊ, तुमची गोळी?" तर त्यानं जीभ चावली. "घरी राहिली बघा वहिनी. डोक्यातूनच गेलं."

"असं कसं चालेल? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर म्हणत्यात ते खरं. पण आठवण कोन करणार? घरात मी आन् कोंबड्या."

झालं. त्या दिवसापासून उज्वलानं त्याचीही आठवण ठेवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या दिवशी समोर उभं राहून, बाकीच्या दिवशी फोन करून. नऊ वाजले की एका हातानं गोरक्षच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि दुसऱ्या हातात फोन. "वाल्मीकभाऊ, घेतली का? काहीतरी खाल्लं ना आधी? नुसत्या चहावर नको." तिकडून तो काहीतरी बोलायचा आणि इकडे हिच्या गालावर खळी पडायची.

गोरक्षला ती खळी आठवत होती. ती त्याच्या मालकीची होती, असं त्याला वाटत होतं.

"भाऊ म्हणतेस त्याला," एकदा तो म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"नाही, म्हण की. भाऊ म्हटलं की सगळं सोपं होतं."

उज्वलानं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला आज बरं वाटत नाहीये," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

वाल्मीकनं एकदा नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी आणून दिली. त्या दिवशी घरात तो भात शिजला तेव्हा वास पार जिन्यापर्यंत गेला. गोरक्षला तोंडाला पाणी सुटलं, पण पहिला घास घेऊन त्यानं ताट सरकवलं. "गिच्च झालाय. रेशनचा बरा." उज्वलानं त्याच्या ताटातला भात आपल्या ताटात घेतला आणि सगळा संपवला, अगदी सावकाश, एकेक शीत. तेही त्याच्या डोळ्यांत खुपलं.

मग एका सकाळी ते घडलं. ठरवून नव्हे. उज्वलानं गोळी हातावर ठेवली, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत गॅलरीत गेली. वाल्मीकला रात्री ताप आला होता म्हणे. "डॉक्टरांना आजच फोन करा हं. अंगावर काढू नका. नाही नाही, माझी शपथ आहे." गोरक्ष तळहातावरच्या गोळीकडे बघत बसला. माझी शपथ! आपल्याला ताप आला तर ती कपाळाला हात लावते, गोळी देते, चादर बदलते. शपथ कधी घातली होती?

त्यानं गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली. आणि वाट पाहिली.

ती आत आली. पाण्याचा रिकामा पेला उचलला. खिशाकडे, तोंडाकडे, कशाकडेही तिनं पाहिलं नाही. "घेतली ना?" विचारलं आणि उत्तर ऐकायलाही थांबली नाही.

दुपारी त्यानं गोळी मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. त्यात एक कडवट समाधान होतं. बघा, हिला कळलंसुद्धा नाही. त्याला जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं.

पुढं ती त्याची सवयच झाली. रोज नाही. ज्या दिवशी फोन लवकर संपायचा त्या दिवशी तो गोळी मुकाट्यानं गिळायचा. ज्या दिवशी गॅलरीतून हसण्याचा आवाज यायचा त्या दिवशी गोळी मोरीत जायची. आज तरी हिला कळतंय का बघू, असं तो मनात म्हणायचा, आणि कळलं नाही की त्याचा जळफळाट आणखी वाढायचा. तिनं एकदा तरी मनगट धरून विचारावं, "अहो, तोंड उघडा बघू," अशी त्याची मनोमन इच्छा होती. तिनं विचारलं नाही, कारण आपला नवरा असं काही करेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. दवाखान्यातही दोन-चारदा त्यानं गोळी जिभेखाली धरली आणि ती सविता सिस्टरशी बोलायला बाहेर गेल्यावर रुमालात काढून ठेवली.

या सगळ्यात किडनीचा विचार त्याच्या मनात यायचा का? यायचा. पण तो लांबच्या गावासारखा. मत्सर मात्र रोज सकाळी नऊ वाजता दारात हजर.

कोर्स संपला. मग तीन महिने थांबून दोघांचं रक्त तपासणीला गेलं.

निकाल एकाच दिवशी आले. वाल्मीकच्या रक्तात विषाणू नव्हता. गोरक्षच्या रक्तात होता.

"काका, गोळ्या चुकल्या का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

गोरक्षनं तोंड उघडायच्या आत उज्वला बोलली. "एकही दिवस नाही डॉक्टर. मी माझ्या हातानं दिल्यात. कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगते."

डॉक्टरांनी मान हलवली. "काही जणांत होतं असं. क्वचित. दुसरी औषधं आहेत, पण कोर्स लांबेल. आणि किडनीचं तोपर्यंत थांबवावं लागेल."

 घरी आल्यावर उज्वलानं औषधांचा सगळा डबा कॉटवर ओतला. "ॲसिडिटीची गोळी आपण त्याच वेळेला तर देत नव्हतो ना? डॉक्टरांनी अंतर ठेवायला सांगितलं होतं. एक-दोनदा मला उशीर झाला होता, रोशनी आली होती तेव्हा. त्यानंच झालं असेल का हो? माझंच कुठंतरी चुकलं." ती पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिली. पुढच्या काही दिवसांत तिनं देवाला नवस बोलला, एक वेळचं जेवण सोडलं. गोरक्ष बघत होता. एक वाक्य बोललं असतं तर हे सगळं थांबलं असतं. पण ते वाक्य घशात यायचं आणि वाल्मीकचा निकाल आठवला की परत खाली जायचं.

वाल्मीकला मोठ्या हॉलमध्ये हलवलं. जाताना तो उज्वलाला वाकून नमस्कार करायला लागला. "वहिनी, तुमच्यामुळं सुटलो. नायतर मी कुठला गोळ्या घेतो!" उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी आनंदाचं होतं की आपल्यासाठीचं होतं हे गोरक्षला ठरवता येईना. आपल्या बायकोनं दोघांना गोळ्या दिल्या आणि बरा मात्र तो झाला, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

आता छोट्या खोलीत तो एकटा. दुसरा पलंग रिकामा, त्यावरचं यंत्र बंद. उज्वला थोडा वेळ त्याच्याजवळ बसायची, मग म्हणायची, "जरा बघून येते." कुठं ते सांगायची गरज नव्हती. हॉलमधून त्या माणसाचा आवाज यायचा, कधी कधी हसण्याचा. गोरक्षनं आता लाल पट्टीकडे बघत पडून राहायचं.

एके दिवशी उज्वला रक्ताचे कागद घेऊन खालच्या मजल्यावर गेली असताना वाल्मीक दारात आला. त्याचं त्या दिवसाचं डायलिसिस संपलं होतं, दंडाला पट्टी होती. आत येऊन तो रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसला. नेहमीसारखं हसला नाही.

"दादा, तुम्ही वहिनीला सांगितलं का नाय अजून?"

"काय?"

"मला नका विचारू काय. माझा पलंग इथं होता. मी तुमच्याकडं तोंड करून झोपायचो."

यंत्राचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा गोरक्षला वाटला. "तू बघितलंस?"

"रुमालात काढताना. एकदा नाय, तीनदा."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? मला वाटलं गोळी सोसत नसंल, उलटी होत असंल. घरी गेल्यावर घेत असंल माणूस. म्हटलं, दुसऱ्याच्या नवरा-बायकोत आपण कशाला तोंड घालायचं?" वाल्मीकचा आवाज चढला. "आन् परवा वहिनी मला इचारत होती, भाऊ, माझं काय चुकलं असंल? रडत होती ती. तेव्हा मला कळलं, तुम्ही तिला काहीच बोलला नाय. कशापायी केलंत असं?"

 जे कधी तोंडातून निघेल असं गोरक्षला वाटलं नव्हतं ते निघालं. "ती तुझ्याशी हसते."

वाल्मीक त्याच्याकडे बघतच राहिला. आधी त्याला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"म्हंजे माझ्यामुळं? तुम्ही गोळ्या टाकल्या त्या माझ्यामुळं?" तो उठून उभा राहिला. "दादा, मी इथून घरी जातो तेव्हा कडी मीच काढतो आन् मीच लावतो. मला किडनी द्यायला कोन नाय. भावाला इचारलं तर त्यानं दोन महिने तोंड दाखवलं नाय. तुमची बायको पोट फाडून द्यायला बसलीय. मी तिच्याशी चार शब्द हसून बोललो त्याचं तुम्हाला दुखलं? मी रोज तुमच्याकडं बघून जळायचो, ते मी कुनाला सांगू?"

"वाल्मीक..."

"मी नाय सांगणार तिला. पण तुम्ही नाय सांगितलं तर माणूस म्हणून घेऊ नका." असं म्हणून तो गेला. त्या दिवशी तो उज्वलासाठी थांबलाही नाही.

त्या दिवसापासून त्यानं तिचे फोन घेणं बंद केलं. हॉलमध्ये ती गेली की तो डोळे मिटून पडायचा. "वाल्मीकभाऊंना काय झालंय कोण जाणे," उज्वला म्हणायची. "माझं काही चुकलं का?" पुन्हा तेच. माझं काही चुकलं का. गोरक्षला हवं होतं ते झालं होतं. फोन थांबला होता, गॅलरी शांत होती. आणि त्या शांततेत बायको दिवसेंदिवस वाळत चालली होती. हे बघताना आपल्याला आनंद होत नाहीये, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

रविवारी सकाळी ती नवसाचे तांदूळ निवडत बसली होती. तो समोर जमिनीवर बसायला गेला. गुडघे कुरकुरले.

"अहो, खाली कशाला बसता?"

"उज्वला, तुझं काही चुकलं नाही. मी गोळ्या टाकत होतो."

"कुठं टाकत होतात?"

"मोरीत."

तिला कळायला वेळ लागला. तो सांगत गेला. पहिला दिवस, तो ताप, ती शपथ, मग बाकीचे दिवस. वाल्मीकचं नावही त्यानं घेतलं. उज्वलाचा हात तांदळात तसाच राहिला होता.

"आणि डॉक्टरांसमोर मी शपथ घेतली तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी उपास धरले तेव्हाही."

"हो."

"तीस वर्षांपूर्वी स्कूटर विकलीत तेव्हा मला वाटलं होतं, वय आहे, जाईल." ती ताट घेऊन उठली. "मी माझ्या अंगातला तुकडा काढून द्यायला निघाले होते, आणि तुम्ही मी हसते का रडते ते मोजत बसला होतात. घरात हसण्यासारखं काय ठेवलंत तुम्ही? सांगा ना. एक गोष्ट सांगा."

उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

 संध्याकाळी तिनं पर्समधून औषधांची पिशवी काढली आणि त्याच्या कॉटवर ठेवली. "नवा कोर्स सुरू होईल तेव्हा तुमची गोळी तुम्ही घ्यायची. मी हातावर ठेवणार नाही, आठवण करणार नाही, विचारणार नाही. टाकायची असेल तर माझ्यासमोर टाका."

"आणि किडनीचं?" हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही.

नवा कोर्स लांबलचक होता, आणि गोळ्याही आधीपेक्षा जड. डोकं गरगरायचं, अन्नाला चव नसायची. गोरक्षनं मोबाइलवर गजर लावला. पहिले काही दिवस गजर वाजला की तो उज्वलाकडे बघायचा. ती बघायची नाही. मग त्यानं बघणं सोडलं. पाणी ओतायचं, गोळी घ्यायची, पेला विसळून ठेवायचा. डॉक्टरांना त्यानं पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं होतं. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ काही लिहीत राहिले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

आणखी एक गोष्ट त्यानं केली, आणि ती त्याला सगळ्यांत अवघड गेली. वाल्मीकला स्वतः फोन लावला. "सांगितलं तिला," म्हणाला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "आता तिचा फोन घेत जा. ती काळजी करते."

"बघतो," वाल्मीक म्हणाला. लगेच विरघळणारा माणूस तो नव्हता. पण दोन-चार दिवसांनी गॅलरीतून पुन्हा तिचा आवाज आला. आता वाल्मीकच्या गोळ्या नव्हत्या, तरी विचारपूस होती. पाणी जास्त पिता का, वजन किती भरलं. मध्येच ती हसली. गोरक्षच्या पोटात तीच जुनी आग भडकली, अगदी तशीच, तसूभरही कमी नाही. त्याला वाटलं होतं, कबूल केलं की ती जाईल. गेली नाही. गजर वाजत होता. त्यानं गोळी तोंडात टाकली आणि गिळली. आग खाली होती तिथंच होती, गोळी तिच्यावरून गेली.

असे महिने गेले. कोर्स संपला, मग वाट पाहण्याचे महिनेही संपले. मधल्या काळात उज्वला त्याच्याशी बोलायला लागली होती, पण मोजकंच. किडनीचा विषय घरात कुणीच काढला नाही. रोशनी फोनवर विचारायची तर उज्वला म्हणायची, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ काय, यावर गोरक्ष तासन्‌तास विचार करायचा. तिनं नाही म्हटलं तरी तिला दोष देता येणार नाही, इथपर्यंत तो आला होता.

निकालाच्या दिवशी उज्वला एकटीच दवाखान्यात गेली. गोरक्ष आदल्या दिवसाच्या डायलिसिसनं थकून पडला होता. दुपारी फोन वाजला. तिचा असेल म्हणून त्यानं घाईघाईनं उचलला.

"दादा! मोकळे झालात की!" वाल्मीक ओरडत होता. "एकदम साफ! वहिनींचा आत्ताच फोन आलता. आता त्या खोलीतून बाहेर या, हॉलमध्ये माझ्याशेजारचा पलंग बघून ठेवतो."

गोरक्ष उठून बसला. बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याआधी अर्धा क्षण दुसरंच काहीतरी वाटलं. आधी याला सांगितलं. माझा निकाल, आणि आधी याला.

"दादा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. मग दम घेऊन म्हणाला, "रविवारी जेवायला ये घरी. तो तुझा तांदूळ आण. मागच्या वेळी मी नीट खाल्ला नव्हता."

 "येतो," वाल्मीक म्हणाला. "आन् दादा, वहिनींना म्हणू नका हं मी सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, तुम्हाला फोनवर सांगणार नाय, घरी जाऊन समोर सांगणार. माझ्याच्यानं राहवलं नाय."

फोन ठेवून गोरक्ष कॉटवर बसून राहिला. थोड्या वेळानं जिन्यात चपलांचा आवाज आला. नेहमीपेक्षा भरभर. त्यानं घाईनं पांघरूण ओढलं, आडवा झाला, चेहरा जमेल तितका कोरा केला.

उज्वला आत आली. धापा टाकत होती. पिशवी खाली ठेवायचीही विसरली. "उठा," म्हणाली. "अहो, उठा ना."

"काय झालं? आला का निकाल?"

"गेला तो. तुमच्या रक्तात काही नाही आता."

"खरं?" गोरक्ष म्हणाला, आणि सोंग म्हणून मोठे केलेले डोळे खरोखरच भरून आले. उज्वला कॉटच्या कडेला बसली. कितीतरी दिवसांनी इतक्या जवळ बसली होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"आणि मी येताना वरच्या मजल्यावर जाऊन आले," ती त्याच्याकडे न बघता पिशवीची गाठ सोडत म्हणाली. "किडनीच्या डॉक्टरांकडे. माझ्या राहिलेल्या तपासण्या पुढच्या सोमवारी आहेत. उपाशीपोटी जायचंय."

यासाठी मात्र गोरक्षनं चेहरा तयार ठेवलेला नव्हता. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"रडू नका," उज्वला म्हणाली. "अजून रागच आहे माझा. तो काही गेलेला नाही." आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून ती निवडायला बसली, तिथंच, त्याच्या कॉटवर.